चाचांना न सांगता कापलेले सात कोंबडे

मी आयुष्यात फक्त सात कोंबडे कापले, आणि सातही सुखानं मेले.

ही बढाई नाही. (थोडीशी आहे.) शास्त्राप्रमाणं, शांतपणे, जिवाला घोर न लावता मेले. त्या दिवशी आमच्या घरात माझ्यामुळं ज्यांना काही त्रास झाला नाही असे तेवढेच सात जण. बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला बसलोय.

आमचं गाव कोल्हापुरापासून सायकलनं पाऊण तासावर. अठरा गुंठे रान, रानातच घर, घरामागं दोन म्हशींचा गोठा आणि गोठ्याच्या भिंतीला चिकटून कोंबड्यांचं खुराडं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दिवसभर शाहूपुरीतल्या एका दुकानात पंपाचे वॉशर आणि बेअरिंग विकायचो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःला शेतकरी समजायचो. कोंबड्या आईच्या होत्या. दाणे ती घालायची, अंडी ती उचलायची, मुंगूस आलं तर काठी घेऊन तीच धावायची. माझ्याकडं फक्त मार्गदर्शन होतं.

आमच्याकडचा एक रिवाज आधी सांगायला हवा, नाहीतर माझा गाढवपणा नीट कळायचा नाही. कोंबडं असो की बोकड, आम्ही पाळायचं, आम्ही वाढवायचं, आम्ही शिजवायचं, आम्हीच खायचं. पण मधलं ते एक मिनिट गावच्या मुलाण्याचं. त्यानं देवाचं नाव घेऊन सुरी फिरवली नसेल, तर गावातला एकही म्हातारा त्या रश्श्यात भाकरी बुडवणार नाही. का, असं मी एकदा आण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, विचारलं होतं.

"जीव घ्यायचा म्हंजे घेणाऱ्याला त्याचा अधिकार पायजे," आण्णा म्हणाले. "तुला कुणी दिलाय?"

मला तर दुकानात उधारी द्यायचाही अधिकार नव्हता.

आमचे मुलाणी म्हणजे दस्तगीरचाचा. माझ्या वडिलांचे जोडीदार. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. त्या वर्षीच्या म्हाईला (म्हाई म्हणजे आमच्या गावदेवीची वर्षाची जत्रा, घरोघरी तांबडा-पांढरा रस्सा आणि दारात मावणार नाहीत इतके पावणे) आम्ही काहीच करणार नव्हतो. चाचा सकाळी सुरी घेऊन दारात उभे. आईला म्हणाले, "वहिनी, चूल पेटवा. पोरगं बघत बसलंय." तेव्हापासून एकही म्हाई त्यांच्यावाचून झाली नाही. कापायचं, हात धुवायचे, मग पहिल्या पंगतीत आण्णांच्या शेजारच्या पाटावर बसायचं. चाचा दुसऱ्या कुणाकडं सहसा जेवायचे नाहीत. आमच्याकडं जेवायचे, वडिलांच्या जोडीपायी; पण नाव घेऊन कापलेलं नसेल तर कुठंच घास घ्यायचे नाहीत.

आता चाचा सत्तरीला आले होते. मुलगा तिकडं कबनूरला मागावर कामाला, तो सणालाच यायचा. चाची वारलेल्या. रान कधीच गेलेलं. गावानं त्यांना "चाचा, या की!" म्हणावं असं एकच निमित्त उरलं होतं, ती सुरी. आणि नेमका त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता.

आदल्या म्हाईला काय झालं ते सांगतो. चाचांनी तांबडा कोंबडा धरला, ओठ हलवले, सुरी फिरवली आणि खाली ठेवला. कोंबडा उठला! अर्धी मान घेऊन तो अंगणातून पडवीत, पडवीतून माजघरात आणि माजघरातून थेट आमच्या बायकोनं देवापुढं नुकत्याच काढलेल्या रांगोळीवर. सुनंदा (ही बायको) किंचाळली, पावण्यांची पोरं बाकावर चढली, आणि मी मागचं दार अडवायला म्हणून धावलो तो म्हशीच्या शेणात बसलो. शेवटी चाचांनीच त्याला धरला. तीन वेळा सुरी फिरवावी लागली.

चाचा सुरीकडं बघत म्हणाले, "धार न्हवती."

"धार न्हवती," आई म्हणाली.

"व्हय व्हय, धारच न्हवती," सगळे म्हणाले. ती सुरी मी नंतर उचलून ठेवली तेव्हा माझं बोट कापलं. दोन टाके पडले.

त्यानंतर गावातली बाकीची बरीच घरं शेजारच्या गावचा मुलाणी बोलावू लागली. काही महिन्यांनी कोल्हापुरात परसातल्या कुक्कुटपालनाचं तीन दिवसांचं शिबिर लागलं. मालकांना चुलतमावशी आजारी असल्याचं सांगून मी गेलो. (मला चुलतमावशी नाही.) तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'वेदनारहित कत्तल'.

सर म्हणाले, "पक्ष्याला रात्रभर फक्त पाणी द्या, दाणा नको. धावपळ करू नका. आरडाओरडा नको. नरसाळ्यात उलटा ठेवा, तो आपोआप शांत होतो. सुरी वस्तऱ्यासारखी. मानेच्या शिरेवर एकच घाव, आणि रक्त पूर्ण जाईपर्यंत थांबा. पक्षी घाबरला तर मांस चिवट होतं."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मात्र सगळ्या वर्गाला कोंबड्यांची दया यायला लागली.

मागच्या बाकावर चंदगडचे एक पावणे होते. त्यांनी हात वर केला. "सर, कोंबडं भ्यालंय ते कळायचं कसं?"

"त्याच्याकडे नीट बघा, म्हणजे कळेल."

"मी नीट बघितल्यावरच तर ते भ्यायचं की!"

मी मात्र हसलो नाही. माझ्या डोळ्यांपुढं तो रांगोळीवरचा कोंबडा होता, आणि सुरीकडं बघणारे चाचा. मी मनात ठरवून टाकलं: ह्या म्हाईला कोंबडे मी कापणार. कोंबड्यांचे हाल नकोत आणि चार लोकांत चाचांची शोभा नको. एका दगडात दोन पक्षी म्हणतात तसं. (पक्षी सात होते, आणि दगड मी!)

आता हे चाचांना सांगायला हवं होतं. 'चाचा, हात थरथरतोय, यंदा तुम्ही नुसतं बसा.' वाक्य एवढंच. मी ते महिनाभर शाहूपुरीला जाता-येता मोपेडवर मोठ्यानं म्हणून बघितलं. बांधावरच्या बाया माना वळवून बघायच्या. चाचांच्या घरापाशी आलो की मात्र तोंडातून निघायचं, "काय चाचा, बरं हाय न्हवं?" आणि मोपेड पुढं.

म्हाईच्या चार दिवस आधी चाचांनीच मला अडवलं. "बाळू, यंदा सुरी मुद्दाम कोल्हापुरातनं परजून आणलीया. बघशील तू."

"वा वा!" मी म्हणालो आणि पळालो.

म्हणजे बघा, सांगायची संधी त्यांनी ताटात वाढून दिली होती. मी ताटाला नमस्कार करून उठलो.

मग मी तयारीला लागलो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वाकवून, रिबिट मारून नरसाळं केलं. आईनं ते हातात घेऊन फिरवून बघितलं.

"ही टोपी कुणाला?"

"टोपी न्हवं आई, कोंबड्याला उलटं ठेवायचं हाय यात."

"तुझ्या बापानं कवा कोंबड्याला टोपी घातली न्हाय."

पहिल्या तालमीला कोंबडा वरून घातला तो खालून बाहेर पडला आणि पेरूवर जाऊन बसला. भोक मोठं झालं होतं. भोक लहान केलं तर दुसरा मध्येच अडकला. पुढं जाईना, मागं येईना, नुसता आतून ओरडतोय, आणि पत्र्यामुळं आवाज लग्नाच्या बँडसारखा. शेवटी पत्रा कापून त्याला सोडवला. तिसरं नरसाळं जमलं. ते मी कडुनिंबाला तारेनं बांधलं आणि लांब उभं राहून बघितलं. डोळे भरून आले.

आदल्या संध्याकाळी सातही कोंबडे वेगळे कोंडले. आईला बजावलं, "दाणं घालायचं न्हाय. नुसतं पाणी."

सकाळी बघतो तर सातांच्याही गळ्याखालच्या पिशव्या टम्म! आई शांतपणे चूल फुंकत होती.

"आई, दाणं कुणी घातलं?"

"मी घातलो."

"तुला सांगितलंतं न्हवं?"

"जाणारा जीव उपाशी घालवू? माझ्या घरातनं? तांदळाची कणी घातलो, वर गुळाचा खडा बी दिलो. काय करायचं ते कर जा."

शास्त्राचा पहिलाच नियम असा गुळाबरोबर वितळला. पण बाकीचे नियम मी पाळले. उजाडायच्या बेतात होतं. पहिला कोंबडा काखेत घेतला, हळूहळू कुरवाळला, कानाशी (जिथं कान असावा असं वाटलं तिथं) पुटपुटलो, "भ्यायचं न्हाय बाळा. काय न्हाय, काय न्हाय."

मागून सुनंदा म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्याशी कवा ह्या आवाजात बोललासा न्हाईत."

"गप. ते घाबरंल."

"आणि मी?"

नरसाळ्यात उलटा ठेवल्यावर कोंबडा खरोखर शांत झाला. इतका शांत की मलाच भीती वाटली. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मला नाव घ्यायचा अधिकार नव्हता, कुणाचं घ्यायचं तेही माहीत नव्हतं. मी "माफ कर" एवढंच म्हणालो. एकच घाव घातला. फडफड नाही, ओरड नाही. नळ बंद करावा तसा कोंबडा बंद झाला. असे सात. सातव्यानंतर मी न्हाणीत जाऊन भडभडून ओकलो आणि बाहेर येऊन सुनंदाला म्हणालो, "बघितलंस? काय सुद्धा त्रास न्हाय!"

"तुम्हाला न्हवं, कोंबड्यांना म्हंताय न्हवं?" ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "चाचांना सांगितलंय का?"

"सांगतो की."

"कवा? त्येंनी हाडं चघळताना?"

बारा वाजेपर्यंत घर भरलं. भाऊकीतले, आजोळचे, बहिणीच्या सासरचे. रस्सा उकळत होता, कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा वास पार रस्त्यापर्यंत. आण्णा आले, काठी टेकवली, अंगणात चौफेर नजर फिरवली. नजर कडुनिंबावर थांबली.

"हे काय रं?"

"पंपाचं हाय आण्णा. वाळत घातलंय."

"हं." आण्णा मागं गेले. तिथं पाटीत मुंड्या ठेवलेल्या होत्या. बराच वेळ वाकून बघत राहिले. परत आले ते चेहरा उजळून. "साती मुंड्यांवर एकच रेघ! एका घावात! अरे, ह्याला म्हंत्यात हात! आणि गाव म्हंतंय चाचाचा हात गेला! कुठं हाईत चाचा?"

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही.

"कापून गेलं सकाळी," मी म्हणालो.

"गेलं? जेवायचं सोडून?"

"हां म्हंजे... जरा गडबडीत हुतं."

"काय गडबड? अरे, आज म्हाई हाय! पाट रिकामा ठेवून पंगत बसवतोस? जा, घिऊन ये. चाचा बसल्याबगर मी घास उचलणार न्हाय."

आण्णांनी घास उचलला नाही तर भाऊकी उचलणार नाही, भाऊकीनं नाही तर पावणे नाहीत. चाळीस माणसं पाटांवर बसून माझ्याकडं बघत होती. मी मोपेडला किक मारली. पहिल्या किकेत सुरू झाली. एरवी कधी होत नाही.

वाटेत माझा हिशोब असा: चाचांना आतापर्यंत कळलंच असेल की यंदा बोलावणं नाही, ते रागावून झोपले असतील, मी पाय धरीन, भागेल.

चाचा झोपले नव्हते. दारातल्या कट्ट्यावर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर धुतलेली टोपी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली सुरी. सकाळपासून तसेच बसले असावेत. सदऱ्याला पाठीमागं घामाचा नकाशा झाला होता. मला बघून ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"लई उशीर केलास रं. मला वाटलं इसरलास. चल, आता शिजायचं कवा आणि जेवायचं कवा?"

आणि मोपेडवर मागं बसायला पाय उचलला.

"चाचा," मी म्हणालो. "शिजलंय."

पाय तसाच राहिला.

मग मी सगळं बोललो. शिबिर, नरसाळं, एक घाव, आण्णा, पाट. उलटसुलट, एका दमात, त्यात मध्येच 'पक्ष्याला वेदना होत नाहीत' हेही सांगितलं! चाचा ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे मी कापलं म्हणून सांगितलंस."

"व्हय."

"नाव कुणी घेतलं?"

"कुणीच न्हाय."

चाचा परत कट्ट्यावर बसले. "मग आता मी येऊन काय करू? मेलेल्या कोंबड्यावर नाव घेता येत न्हाय बाबा. ते आधी घ्यायचं असतं."

"तुम्ही फक्त चला. काय बोलू नगा. आण्णा ताटावर बसल्यात. आई..."

"वहिनीला ठावं हाय?"

"हाय. सकाळपासनं माझ्याशी बोलंना."

चाचांनी सुरी उचलली, आत नेऊन ठेवली. रिकाम्या हातानं बाहेर आले आणि मागं बसले. चार मिनिटांच्या वाटेत एकच वाक्य बोलले.

"हात थरथरतोय म्हणून सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

दारात पाऊल टाकताच आण्णांनी आवाज दिला, "या चाचा! कापून घरला पळालासा? जेवायला काय मुहूर्त लागतोय?"

चाळीस माणसं बघत होती. चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. "जरा कणकण वाटत हुती," ते म्हणाले, आणि आपल्या पाटावर बसले.

पंगत सुटली. काय सांगू, काय जेवली माणसं! "मटण बघा कसं पांढरंशिप्पट! रक्ताचा ठिपका न्हाय!" "चाचा, हात अजून जवान हाय की!" बहिणीच्या सासऱ्यांनी पांढऱ्या रश्श्याच्या पाच वाट्या ओढल्या. प्रत्येक वाटीबरोबर चाचांचं कौतुक. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी उत्तम केलं होतं, आणि त्याची शाबासकी माझ्यासमोर दुसऱ्याला मिळत होती. आणि तो माणूस ती शाबासकी मान खाली घालून, चाबकाचे फटके घ्यावेत तशी घेत होता.

चाचांच्या ताटात भाकरी होती. कांदा होता. भाकरीचा तुकडा मोडून ते कांद्याबरोबर सावकाश चावत होते. तांबड्याची वाटी तशीच, पांढऱ्याची वाटी तशीच. वर हळूहळू साय धरत होती.

"चाचा, रस्सा घ्या की!"

"कणकण हाय म्हटलं न्हवं."

मला सोडून कुणालाच काही कळलं नाही. म्हणजे मला असं वाटत होतं. मग आई आतून आली, चाचांच्या ताटातल्या दोन्ही वाट्या उचलल्या, त्यांच्या जागी दही आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, आणि माझ्याकडं एकदा बघून आत गेली. त्या बघण्यापुढं माझं नरसाळं काहीच नव्हतं.

इथं संपलं असतं तरी मी आज माणसात उठून-बसून असतो. पण आण्णांनी हात धुता धुता जाहीर केलं, "चाचा, उद्या आमच्या दारात बोकड हाय. शेजारच्या गावचा माणूस सांगितलावता, त्याला आता नगं म्हणतो. तुमच्याच हातानं!"

चाचा म्हणाले, "नगं आण्णा, वय झालं."

"वय झालं म्हणं! साती मुंड्या बघितल्यात मी! एक रेघ!"

चाचांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघत. बस थांब्यावर माणूस बसकडं बघतो तसं. 'आण्णा, त्या मुंड्या मी केल्या.' हे वाक्यही एवढंच होतं. चाळीस माणसं होती. त्यांच्या पोटात माझे सात कोंबडे होते. मी वाकून चुळीचा तांब्या उचलला आणि विहिरीवर भरायला गेलो. (तांब्या भरलेला होता.)

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या दारात काय झालं त्यात विनोदी काही नाही. असतं तर मी सोडलं नसतं. बोकड मोठं होतं. चाचांनी नाव घेतलं. पहिला घाव बसला नाही, दुसराही बसला नाही. त्या ओरडण्यानं बायकांनी घरात जाऊन दारं लावली. शेवटी गर्दीतल्या कुणीतरी चाचांच्या हातातून सुरी ओढून घेतली आणि काम संपवलं. आण्णा सगळ्या गावासमोर गरजले, "हात चालंना तर सांगायचं हुतं की वो! जित्राबाचं हाल केलंसा!"

चाचा म्हणाले, "चुकलं आण्णा." टोपी सारखी केली आणि चालत घरी गेले. मी तिथंच होतो. मला त्या वेळी नेमका चपलेचा अंगठा तुटल्याचं लक्षात आलं आणि मी खाली वाकून तो बघत राहिलो. अंगठा शाबूत होता.

पुन्हा चाचांना कुणी बोलावलं नाही. त्याच वर्षी तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, एकानं चिकनचं दुकान टाकलं. पिसं काढायचं मशीन, काचेचं कपाट. गावाला ते सोयीचं पडलं.

पुढच्या म्हाईच्या आदल्या दिवशी मी धीर करून चाचांच्या दारात गेलो. ह्या वेळी मोपेड बंद केली.

"चाचा, उद्या घरी या."

"कापणार कोण?"

"दुकानातनं आणतो. तुमच्यातलाच हाय तो, नाव घिऊन कापतोय. मी उभा राहून बघितलंय."

"मग माझं काय काम?"

"काम काय न्हाय. जेवायला या."

चाचा हसले. त्यांच्या दोन दातांच्या फटीतून हसू नेहमीसारखंच आलं, म्हणून मला आशा वाटली.

"तुझ्याकडं मी जेवायला कवा आलतो रं? मी कामाला यायचो. काम झालं की वहिनी वाढायच्या, मी जेवायचो. नुसतं जेवायला पावणं येत्यात."

"मग पावणं म्हणून या की."

चाचा कट्ट्यावरून उठले. कोल्हापूरकडं अनोळखी माणसाशी बोलायची एक रीत आहे, बसमध्ये शेजारी बसलेल्याशी, वाट विचारणाऱ्याशी. त्या रीतीनं, अगदी अदबीनं, चाचा मला म्हणाले,

"बरं हाय पावणं. ऊन लई हाय. जपून जावा."

मी घरी आलो आणि आईला म्हणालो, यंदा वांगी कर. तेव्हापासून आमच्या घरी म्हाईला वांगी असतात. पहिल्या वर्षी चाळीस पावणे आले, दुसऱ्या वर्षी नऊ, आता फक्त बहिणीचे सासरे येतात, तेही चष्मा घरी विसरल्यावर. मी स्वतः मटण सोडलं. घास घशाखाली उतरेना हे खरं कारण, पण भाऊकीनं आपापसात ठरवून टाकलं की बाळूनं माळ घातली. लोक आता मला वाकून नमस्कार करतात. आण्णा मरेपर्यंत चारचौघांत सांगायचे, "आमच्या घराण्यात एकच पुण्यवान निघाला." परवा तर गावच्या भजनी मंडळाचे लोक घरी आले, सप्ताहात 'भूतदया' ह्या विषयावर दोन शब्द बोला म्हणाले. एका शब्दात सांगून टाकायचं होतं की बाबांनो, माझी तेवढी लायकी नाही.

"कितीला येऊ?" मी विचारलं.